दोन आसनांची मोटार

वामनराव पिंपळखुट्यांविषयी मला आदर वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बरोबरीचे विद्यार्थी आपल्या गुरुजनांविषयी, घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी लिहितात आणि ते वाचून मन भरून येतं. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. पण एखाद्या मोठ्या माणसाला मी जवळून, रोज, सलग दोन वर्षं पाहिलं असेल तर ते वामनरावांनाच. नागपूरला धरमपेठेतल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी राहिलो, त्यांच्या घरचं अन्न खाल्लं, आणि दर सत्राला माझ्या फीमाफीच्या अर्जावर त्यांचीच शिफारस असे. त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. पुढे मी त्यांना 'साहेब' म्हणणार आहे, तेही सवयीनं. ते साहेब नव्हते. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते. पण घरी येणाऱ्या दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी त्यांना साहेबच म्हणायचं, असा रिवाज होता.

अंगानं ते बारीक होते. मान लांब, आणि त्या मानेवर खाकी सोला हॅट. हॅट घरातही असे. जेवायला बसतानाच काय ती खुंटीवर जाई. बोलणं अगदी शुद्ध. 'मले', 'तुले' असं कोणी बोललं की ते डोळे मिटून घेत आणि समोरचा माणूस वाक्य सुधारून पुन्हा बोलेपर्यंत उघडत नसत. मी खापा गावचा, कोष्ट्याचा मुलगा; माझ्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. पहिले सहा महिने त्यांचे ते मिटलेले डोळे पाहून मी घामाघूम होत असे. आपलं काहीतरी चुकतं आहे, आणि ते चुकणं फार खोलवरचं आहे, असं वाटे. पुढे मराठीच्या प्राध्यापकांना वर्गात आमच्याच बोलीतल्या ओव्या म्हणताना ऐकलं, तेव्हा साहेबांच्या डोळ्यांची भीती गेली. त्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्याला तिरस्कार म्हणतात, हे कळायला मला आणखी वेळ लागला.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता. घरात कोणी काही मागितलं, गच्चीची फरशी फुटली म्हणून सांगितलं, मोलकरणीनं चार दिवसांची सुटी मागितली, की ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणत, "प्रकरण विचारात आहे." एवढं म्हटलं की त्यांच्या दृष्टीनं काम झालेलं असे. कचेरीत त्यांच्या टेबलावर लोकांचे अर्ज असेच वर्षानुवर्षं विचारात राहिले असतील, असं माझ्या मनात येई. त्या लोकांपैकी कोणाची तरी जमीन असेल, कोणाची तरी पेन्शन असेल.

घरातलं सर्वांत जुनं प्रकरण काकूंचं होतं. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांचं माहेर खाप्याला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्या ओळखीवरच मला ती खोली मिळाली होती. खापा नागपूरपासून वीस-बावीस मैल. रोज दोन सर्व्हिस मोटारी उतारू घेऊन जातात आणि दोन येतात. तरी काकू नऊ वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. तिथं त्यांची म्हातारी माय होती, भाऊ होता. मी सुटीत गावी निघालो की काकू माझ्याजवळ मायसाठी एखादी वस्तू देत. कधी दाणे भाजून, कधी एखादं मऊ लुगडं. परत आलो की मला पाटावर बसवून विचारत, "माय उठून बसते का गा? ओळखलं का तुले? माहं नाव घेतलं का?" मी सांगे, नाव घेतलं. खरंच घेत असे म्हातारी. प्रत्येक वेळी.

नऊ वर्षं काकूंनी किती वेळा विचारलं असेल ते मला ठाऊक नाही. माझ्यासमोर सहा-सात वेळा विचारलं. उत्तरं वेगवेगळी होती, पण सगळी एकाच जातीची. सर्व्हिस मोटारीत कोणीही बसतं. उन्हाळ्यात धूळ असते, पावसाळ्यात कन्हानला पूर असतो. आणि तिथं आता आहे तरी कोण? हा शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा काकू ताकाला रवी लावून बसल्या होत्या. रवी थांबली, पुन्हा सुरू झाली.

मग मोटार आली.

नागपुरातले गोरे अधिकारी मायदेशी कायमचे निघाले की सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या बंगल्याच्या आवारात सामानाची विक्री होते. खुर्च्या, पडदे, काचसामान, कुत्रीसुद्धा. साहेबांच्या जुन्या वरिष्ठांपैकी एकजण असाच निघाला होता. साहेब त्या विक्रीला पुस्तकांचं कपाट घ्यायला गेले, आणि दुपारी त्या बंगल्याच्या ड्रायव्हरनं धरमपेठेतल्या आमच्या दारात एक मोटार आणून उभी केली. साहेब मागून टांग्यात होते. उतरल्यावर टांगेवाल्याशी त्यांनी एका आण्यावरून वाद घातला, आणि मग मोटारीकडे वळून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दात लहान होते.

मोटार विलायती, उघडी, शर्यतीच्या गाड्यांच्या घडणीची. पुढचं नाक लांब, बाजूला हिरवा रंग, चाकांना तारा. बसायला पुढे फक्त दोन जागा. पाठीमागं एक झाकण होतं; ते उचललं की आत एक अरुंद बाक निघे. त्याला डिकी म्हणतात. गोरे साहेब लोक शिकारीला जाताना त्यात नोकराला नाहीतर कुत्र्याला बसवत. मोटार दहा-बारा वर्षांची जुनी होती आणि स्वस्त मिळाली होती. 'स्वस्त' हा शब्द साहेबांनी घरात फक्त एकदा, हळू आवाजात उच्चारला. बाहेर त्यांनी तो कधीच उच्चारला नाही.

काकू तांब्याभर पाणी आणि कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या. साहेबांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. कुंकवानं रंगाला डाग पडतो. काकूंनी मग नुसतंच पाणी चाकांवर टाकलं. शेजारपाजारचे आठ-दहा लोक जमले होते, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी विचारलं की ह्या वयात ही पोरासोरांची मोटार कशाला? साहेबांची नजर इकडेतिकडे फिरली आणि काकूंवर थांबली. "हिला खाप्याला न्यायला," ते म्हणाले. "नऊ वर्षं माहेर पाहिलं नाही हिनं. आता केव्हाही जावं, केव्हाही यावं."

सगळ्यांसमोर म्हणाले. काकूंचा चेहरा मी पाहिला. ते वाक्य केवळ सुटका करून घेण्यासाठी निघालं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. काकूंना कळलं नाही. किंवा कळूनही त्यांनी ते धरून ठेवलं. त्या दिवसापासून त्या घरात एकच गोष्ट अडकून होती: म्हातारी माय डोळे मिटायच्या आत काकू तिच्या उशाशी पोचतात की नाही.

मोटार चालवायला साहेबांना याकूब मिस्त्रीनं शिकवलं. सीताबर्डीवर त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. सज्जन, दाढी पिकलेला माणूस. शिकवणाऱ्यानं शेजारी बसायचं असतं. पण मिस्त्रीच्या कपड्यांना तेल असतं म्हणून साहेबांनी त्याला शेजारी बसू दिलं नाही. मिस्त्री बाहेरच्या पायरीवर उभा राही, एका हातानं काच धरी, आणि वाऱ्यात ओरडून सांगे. तेलंगखेडीच्या रस्त्यावर पंधरा दिवस हा तमाशा चालला होता. साहेब त्याच्या सूचना ऐकून घेत आणि मग पाळायच्या की नाहीत याचा विचार करत. एकदा समोर म्हैस आली. मिस्त्री ओरडला, साहेब विचार करत राहिले, आणि मोटार कुंपणात गेली. मिस्त्री उडून बाभळीत पडला. काटे काढत काढत तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, ये फाइल नहीं है. ये ब्रेक है."

साहेबांनी त्याला बाबूजी म्हटल्याबद्दल ताकीद दिली.

त्यांच्याविषयी कधी कणव वाटली का, असं मला विचारलं तर एकदा वाटली होती. एका संध्याकाळी मोटार पुसताना ते आपणहून बोलू लागले. हीच मोटार घेऊन तो वरिष्ठ रोज कचेरीत येई. साहेब तेव्हा सायकलवर. सिव्हिल लाइन्सच्या वळणावर ती मागून यायची, भोंगा वाजवायची, आणि तिची लाल धूळ त्यांच्या पांढऱ्या कोटावर बसायची. कचेरीत शिरण्याआधी ते झाडामागं उभं राहून कोट झटकत. कित्येक वर्षं त्यांनी तो कोट झटकला. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा झाला होता. मला वाटलं, आतमध्ये कुठंतरी माणूस आहे.

दुसऱ्याच दिवशी मी डिकीत होतो, कारण मोटार अडली तर ढकलायला कोणीतरी लागे. त्याच वळणावर एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून चालले होते. साहेबांच्याच हाताखाली काम केलेले कारकून. घरी दोनदा आलेलेही होते. साहेबांनी त्यांना ओळखलं. मी पाहिलं, ओळखलं. त्यांनी वेग वाढवला, अगदी जवळून मोटार नेली आणि भोंगा दाबला. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ते गृहस्थ सायकलवरून उतरून धोतर झटकत होते. साहेबांनी मागं पाहिलं नाही. पण त्यांचे खांदे हलत होते, म्हणजे ते हसत होते. आदल्या दिवशीची माझी कणव मी परत घेतली.

त्या फेऱ्या रोजच्या झाल्या. संध्याकाळी पाच वाजता इस्त्रीचे कपडे, हॅट, हातमोजे. धरमपेठेतून निघायचं, सिव्हिल लाइन्समध्ये गोऱ्या लोकांच्या क्लबासमोर यायचं, तिथं वेग कमी करायचा आणि फाटकातून कोणी दिसलं की हॅट उचलायची. त्यांच्या डावीकडची जागा रिकामी असे. मी नेहमी मागं. ती जागा कोणासाठी ठेवली आहे असं मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, एखादे वेळी कोणी अधिकारी भेटतात, 'लिफ्ट' द्यावी लागते. दीड वर्षात कोणी अधिकारी भेटला नाही. एकदा मात्र क्लबाच्या फाटकातून एक मडम चालत आली, थांबली, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि मोठ्या आनंदानं विचारलं की ही अमक्यांचीच जुनी मोटार ना? साहेब ताठ झाले, हॅट छातीशी धरली, म्हणाले, होय. मग तिनं विचारलं, आणि आता तुझा मालक कोण आहे?

साहेब वाकले, हॅट घातली आणि मोटार सुरू केली. घरी आल्यावर काकूंना त्यांनी सांगितलं की आज एक मडम मुद्दाम थांबून मोटारीची चौकशी करत होती. काकू म्हणाल्या, बरं झालं. मग पदरानं हात पुसत विचारलं, "खाप्याचं कवा जमन?"

तेव्हा हिवाळा होता. हिवाळ्यात टायर बदलायचे होते. मग संक्रांत झाली, मग कसलंसं पिस्टन. काकूंनी एकदा माझ्याजवळ हळूच विषय काढला, की मी सुटीत जाईन तेव्हा सर्व्हिस मोटारीनं त्याही सोबत आल्या तर? मला धीर आला. मीच साहेबांना विचारलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. दारात स्वतःची मोटार असताना आपली बायको कोंबड्या-बोकडांबरोबर सर्व्हिसमध्ये बसेल, आणि ते सगळं खापा पाहील, हे मला सुचलं तरी कसं, असं त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं. म्हणजे मोटार नव्हती तेव्हा काकूंना निदान हट्ट करायला एक रस्ता होता. मोटार आल्यामुळे तोही बंद झाला. मी आणखी बोलायला हवं होतं. फीमाफीचा अर्ज त्याच आठवड्यात सहीला जायचा होता, आणि मी गप्प बसलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहायला हवं.

वैशाखात खाप्याहून माणूस आला. म्हातारीनं दोन दिवस अन्न सोडलं होतं, आणि 'यमे, यमे' म्हणून काकूंना हाका मारत होती. काकूंचं नाव यमुना. निरोप ऐकून त्या आत गेल्या, देवघरातून गंगेचा गडू काढला, तो पदरात गुंडाळला आणि ओसरीवर येऊन बसल्या. काशीहून आणलेला हा तांब्याचा लहानसा गडू. तोंड लाखेनं बंद केलेलं असतं. माणूस जायला निघालं की तो फोडतात आणि ते पाणी त्याच्या तोंडात घालतात. लेकीच्या हातचं मिळालं तर जाणाऱ्याला फार समाधान.

साहेब म्हणाले, परवा निघू.

परवा का? तर मोटारीला आदल्याच दिवशी नवा हिरवा रंग दिला होता. तो वाळायचा होता. ओल्या रंगावर धूळ बसली की कायमची बसते.

काकू दोन दिवस गडू मांडीवर घेऊन ओसरीवर बसून होत्या. स्वयंपाक मोलकरणीनं केला. साहेब दर तासाला बाहेर येऊन बोटाच्या टोकानं रंग चाचपून पाहत आणि काकूंकडे न पाहता आत जात. मी खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो; एक ओळ वाचली नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर निघालो. मला बरोबर घेतलं होतं, ढकलायला. मी सवयीनं डिकीचं झाकण उघडून आत चढू लागलो, तर साहेब म्हणाले, "अहो विद्यार्थी, तुम्ही पुढे या. ती मागे बसेल." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, काकूंना पुढे बसू द्या, ऊन फार आहे, मला सवय आहे. ते खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या वयात बायकोला शेजारी बसवून गावातून मिरवू? लोक हसतील."

साठीला टेकलेल्या माणसानं शर्यतीची मोटार घेऊन फिरण्यात लोकांनी हसण्यासारखं त्यांना काही दिसलं नव्हतं. बायको शेजारी बसली की मात्र हसू होणार होतं. मी आतून स्टूल आणलं. काकू त्याच्यावर चढल्या, मग चाकावरच्या पत्र्यावर पाय ठेवला. त्यांच्या गुडघ्यांना दुखणं होतं. ओठ दाबून त्या डिकीत उतरल्या, डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि गडू पोटाशी धरला. मी पुढे बसलो. त्या मऊ कातडी जागेवर मी पहिल्यांदाच बसलो होतो. मला तिथं बसवत नव्हतं.

कोराडी गेली. रस्ता पांढरा, दोन्ही बाजूंनी काळी रानं तापलेली. मी वळून पाहिलं की काकू धुळीत दिसेनाशा झालेल्या असत, आणि मग एकदम दिसत. पाटणसावंगीच्या अलीकडे मोटारीच्या नाकातून वाफ आली, काहीतरी खडखडलं आणि आम्ही थांबलो. इंजिनातलं पाणी आटलं होतं. निघताना ते पाहायचं असतं. साहेबांनी रंग पाहिला होता.

पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता, तो ओतला. फस्स झालं आणि सगळं पाणी वाफ होऊन गेलं. विहीर कुठं दिसेना. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवान शेतकरी होता, खाप्याच्या बाजाराला रिकामी पोती घेऊन चालला होता. त्यानं बैल थांबवले, मोटारीकडे पाहिलं, डिकीतल्या काकूंकडे पाहिलं.

"काहून गा साहेब, बसली का तुमची गाडी? बैलं लावू का? सावंगीपावतर वढून नेतो."

साहेबांनी डोळे मिटले. गाडीवानाला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. तो वाट पाहत राहिला. शेवटी साहेब म्हणाले की बैलांनी ओढायला ही काही पेंडीची गाडी नाही, त्यानं आपल्या वाटेनं जावं. गाडीवान हसला. वाईट हसला नाही. तो काकूंना म्हणाला, "तू कुठं चालली वं माय?" काकूंनी सांगितलं. का चालल्या तेही सांगितलं. तो म्हणाला, चाल मग, मी तिकडंच जाऊन राहिलो.

काकू उठल्या नाहीत. त्या साहेबांकडे पाहत होत्या. साहेब नाकावरचं झाकण उघडून आत बघत होते. मग ते मागे आले, आणि त्यांची नजर काकूंच्या पोटाशी धरलेल्या गडूवर गेली.

"त्यात पाणी आहे ना?" ते म्हणाले. "दे इकडे."

मला वाटतं, आपण काय म्हणालो ते त्यांना खरोखरच उमगलं नव्हतं. त्यांच्यासमोर प्रकरण होतं आणि ते निकालात काढायचं होतं. काकूंनी गडू आणखी घट्ट धरला. साहेब समजावू लागले, की थोडं तरी पडलं तर इंजिन सावंगीपर्यंत ओढेल, तिथं हवं तेवढं पाणी मिळेल. आणि शेवटी ते तिच्या आईकडे जाण्यासाठीच वापरायचं आहे ना? हात पुढे करून ते उभे होते. हातमोजा घातलेला हात.

काकू डिकीत उभ्या राहिल्या. गडू त्यांनी माझ्याकडे दिला, दोन्ही हातांनी कडा धरली आणि खाली उतरल्या. ह्या वेळी स्टूल नव्हतं. गुडघा पत्र्यावर घासला आणि नव्या हिरव्या रंगावर एक लांब ओरखडा उठला. साहेबांच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला, तो त्या ओरखड्यासाठी. काकूंनी माझ्याकडून गडू परत घेतला.

"हे पानी माह्या मायचं आहे," त्या म्हणाल्या. "मी चालली. तुम्ही या मांगून, तुमच्या मोटारीनं."

साहेबांनी डोळे मिटले. काकू ते उघडायची वाट पाहत थांबल्या नाहीत. गाडीवानानं पोती सारखी करून जागा केली, त्या चढून बसल्या, आणि तिथून मला म्हणाल्या, "चाल, म्हादेव." मी साहेबांकडे पाहिलं. मी राहावं, ढकलावं, अशी त्यांची अपेक्षा होती. काही क्षण मी खरंच उभा राहिलो. मग गाडीच्या मागून धावलो.

दिवेलागणीच्या आधी आम्ही खाप्याला पोचलो. म्हातारी होती. डोळे मिटलेले, श्वास घशात. काकूंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "माय, मी आली, यमी." म्हातारीनं डोळे उघडले नाहीत, पण तिचा हात अंथरुणावर सरकत सरकत काकूंच्या मनगटापर्यंत आला आणि तिथं थांबला. लाख फोडली. पाणी तोंडात गेलं, गिळलंही. पहाटे ती गेली.

साहेब त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. पुढे याकूब मिस्त्रीकडून मला कळलं की निरोप मिळताच तो तासाभरात सावंगीला पोचला होता, आणि मोटार त्याच रात्री नीट झाली होती. तिथून खापा अगदी जवळ. पण मोटार धुळीनं भरली होती आणि रंगावर ओरखडा होता. तशा मोटारीनं सासुरवाडीच्या गावात शिरायचं नाही म्हणून साहेब ती धुवायला आणि रंग बसवायला नागपूरला परत गेले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला, आणि हिरवीगार, चकचकीत मोटार दारासमोर येऊन थांबली. ओट्यावर काकूंचे भाऊ आणि गावातले दहा-बारा लोक बसले होते. मी वडिलांबरोबर कडेला होतो. साहेब उतरले, हॅट सरळ केली आणि उभे राहिले.

कोणी उठलं नाही. सुतकाच्या घरी आलेल्या माणसाला कोणी 'या' म्हणत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्याच्यासाठी उठायचं नसतं, नमस्कार करायचा नसतो. त्यानं गुपचूप येऊन टेकायचं, थोडा वेळ बसायचं. साहेबांनाही हे ठाऊक असणारच. तरी ते उभे राहिले. एकदा मोटारीकडे, एकदा ओट्याकडे पाहिलं. शेवटी ओट्याच्या कडेला रुमाल पसरून बसले. काकूंच्या भावानं त्यांच्याकडे पाहून मान खाली घातली, एवढंच.

त्यांनी मला खुणेनं बोलावलं, आणि काकूंना तयार व्हायला सांग म्हणाले. मी आत गेलो. काकू मायच्या रिकाम्या जागेशी लावलेल्या दिव्यात तेल घालत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. तेरावं करून येते म्हणाल्या, सर्व्हिसनं येते, त्यांना म्हणा वाट नका पाहू. मी बाहेर येऊन शब्द न शब्द सांगितलं, 'सर्व्हिसनं' हा शब्दही गाळला नाही. साहेब रुमालाकडे पाहत होते. त्यांनी तो उचलला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि मोटारीत जाऊन बसले.

आणि तिथंच बसून राहिले. दोन्ही हात चाकावर, तोंड दाराकडे. कोणीतरी पोचवायला येईल, निदान दोन पावलं मोटारीपर्यंत येईल, अशी ते वाट पाहत असावेत. पण अशा घरून जाणाऱ्याला कोणी पोचवत नाही, आणि जाणाराही 'येतो' म्हणत नाही. नुसता उठून जातो. ओट्यावरच्या माणसांनी पुन्हा हळू आवाजात लाकडांचं, भटजींचं बोलणं सुरू केलं होतं. साहेबांची हॅट दोनदा आमच्या बाजूला वळली. बराच वेळ गेला. मग इंजिन सुरू झालं, मोटार गल्लीतून मागे मागे सरकत गेली, आणि बोलणाऱ्यांपैकी एकाचंही बोलणं मधे थांबलं नाही.